तिसरं तोरण

सायरबाई : थांब रे टांगेवाल्या, सामान उतरवू नकोस. हे आमचं घर नाही.

झिपरू : मोठ्या बाई, घर तुमचंच शे. दार तेवढं नवं शे.

सायरबाई : झिपरू? तू इथे पटाशी घेऊन काय करतोस? माझं दार कुठे आहे?

झिपरू : शेठनी बदलाले सांगं. तुम्ही फैजपूरले गयात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

सायरबाई : आठ दिवस लेकीकडे काय गेले, घराचं तोंडच बदलून टाकलं. सुरेश, बाहेर ये.

सुरेशचंद : माँ, आधी आत या. हातपाय धुवा. रस्त्यावर कशाला बोलायचं?

सायरबाई : आत कशातून येऊ? ह्या फळकुटातून?

सुरेशचंद : फळकूट नाही, प्लायवूड आहे. वर सनमायका. जळगावात आता सगळे हेच बसवतात. जुन्याला उधई लागली होती, लाकूड पोखरत होती.

सायरबाई : झिपरू, ते दार तुझ्या बापानं घडवलेलं. तू सांग, किती लागली होती उधई?

झिपरू : मले मधे नका घेऊ, बाई.

सायरबाई : घेणार. सांग.

झिपरू : खाले चार बोटं. तेवढी फळी बदलली असती तं नातवंडांले पुरलं असतं. बठ्ठं काम, फळी न फळी, सागाचं व्हतं. चौकटीले तं काहीच व्हयेल नव्हतं.

सायरबाई : ऐकलंस, सुरेश? नखाला दुखलं म्हणून हात तोडलास. चौकट कशाला काढलीस? आणि वर ही दोनच लाकडी तोरणं का?

सुरेशचंद : दोनच… म्हणजे, तेवढीच शोभतात.

सायरबाई : शोभेला लावतात होय तोरणं? आपल्यात लेकीच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून येतो, तलवारीनं तोरणाला शिवतो आणि मगच आत पाऊल टाकतो. ते तोरण मग दारावरच राहतं, जितक्या लेकी तितकी. हे पोपटांचं मोठ्या लेकीचं, मोहनचं. हे सुंदरचं, एक चिमणी तुटलेली. धनकुंवरचं कुठे आहे?

सुरेशचंद : माँ, शांतपणे ऐका. रविवारी कंचनला बघायला धुळ्याचे लोक येताहेत. आपल्या लोकांची नजर दारात उभं राहिलं की पहिली वर जाते. तीन तोरणं दिसली की विचारणार, तिसरी कुठे दिली? काय सांगू, नवऱ्याचं घर सोडून आली, सहा वर्षं इथेच आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.

सायरबाई : त्या मुठीत माझी मुलगी आहे, सुरेश. आत्ता कळलं मला. नुसतं तोरण उतरवलं असतं तर चौकटीवर त्याची कोरी जागा दिसली असती. म्हणून अख्खं दार उपटलंस आणि नाव घेतलंस उधईचं.

सुरेशचंद : कंचन तुमचीच नात आहे ना?

सायरबाई : म्हणूनच बोलते. आत्याचं तोरण बघून परत फिरणारी माणसं तुला हवीत. त्यांच्या घरून उद्या कंचन रडत आली तर काय करशील? तिचंही तोरण काढून पुन्हा नवं दार बसवशील?

(झिपरू पटाशी पुसत राहतो.)

सायरबाई : धनकुंवर आहे कुठे? टांगा वाजला की पहिली तीच धावत येते.

सुरेशचंद : आत आहे. मी म्हटलं तिला, रविवारपर्यंत मागच्या दारानं ये-जा कर. तिनं काही वाईट वाटून घेतलं नाही.

सायरबाई : ती वाईट वाटून घेत नाही म्हणून तू काहीही सांगावंस? त्या माणसानं घरात दुसरी आणून बसवली, तो नाही लाजला, आणि लाजायचं हिनं? ती परत आली ना, त्या दुपारी तुझे वडील जेवत होते. उष्ट्या हातानं उठले आणि दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. एक नाही, दोन्ही. म्हणाले, लग्नात उघडलं होतं तसंच उघडतो. आणि तू तिला मोरीकडून फिरवतोस. लाज वाटते मला तुझी.

झिपरू : बाई, एक सांगू?

सायरबाई : आता तुझं काय?

झिपरू : ते तिसरं तोरण मन्ही थैलीत शे. शेठनी गिरणेत सोडाले सांगं व्हतं. दोनदा नदीवर गेलो. पण ताईंच्या लग्नात मीच ठोकेल व्हतं ते. मन्हाकडून नही व्हयनं.

सायरबाई : काढ ते. आणि ठोक, मधोमध.

सुरेशचंद : माँ, रविवारी ते लोक…

सायरबाई : रविवारी मी ओट्यावर बसेन. विचारतील त्यांना मी सांगेन. तुझी जीभ नको झिजायला.

झिपरू : मधोमध हात पुरत नही, बाई. स्टूल लागीन.

सायरबाई : धनकुंवर, बेटा, स्टूल घेऊन ये. मागून फिरू नकोस. ह्या दारानं ये.