परमिट माझ्या नावावर

(वायरमन बाई विजेच्या खांबावर, इंजिनिअर साहेब खाली.)

साहेब – बाई, शेवटचं सांगतो, खाली उतरा. अकराला मंत्री बटण दाबणार आणि तुम्ही खांबावर!

बाई – दाबू द्या की. लाइन बंद आहे, मला काही होत नाही.

साहेब – चेष्टा सुचतेय? लाइन बंद ठेवायचं परमिट परत करा आधी.

बाई – खिशात आहे. काम संपलं की देते. सात घरं जोडायची राहिलीत.

साहेब – नंतर जोडू. आठवड्याभरात. शब्द देतो.

बाई – तुमच्या आधीच्या साहेबांनीही दिला होता, माझ्या आईच्या वस्तीला. उद्घाटन झालं, फाइल बंद, ठेकेदार पसार. चार वर्षं झाली, लोक त्या खांबांना दोरी बांधून कपडे वाळत घालतात. मी गावोगाव वीज जोडत फिरते आणि आई दाराशी बसून चाचपडत सुईत दोरा ओवते. लाज वाटते मला, साहेब.

साहेब – त्यात माझा काय दोष?

बाई – त्यात नाही. पण इथली तार गाडीत भरून परत कुणी पाठवली?

साहेब – दुसरीकडे तातडीचं काम होतं.

बाई – हो, दुसरं उद्घाटन.

साहेब – तोंड सांभाळा! थांबा, सबस्टेशनलाच फोन लावतो. हॅलो, ऑपरेटर? बाईंना मी उतरवतो, तू लाइन चालू कर.

ऑपरेटर (फोनच्या स्पीकरवर) – परमिट कुणाच्या नावावर आहे, साहेब?

साहेब – अरे, मी सांगतोय ना!

ऑपरेटर – तुम्ही काय, देव आला तरी नाही. ज्यानं घेतलं त्यानं सही करून परत द्यायचं. तोवर स्विचला हात लावत नाही मी. माणूस मरतो त्यात.

बाई – ऐकलंत?

साहेब – नोकरी जाईल तुमची!

बाई – जाऊ दे. पत्र तेवढं वर आणून द्या.

साहेब – अहो, मंत्र्यांना काय तोंड दाखवू मी?

बाई – खरं सांगा. सात घरं राहिलीत म्हणावं, दोन तास द्या.

साहेब – कठीण आहे बुवा... हॅलो, ड्रायव्हर? कुठवर गेलास? गाडी वळव. हो, तार घेऊनच. कारण विचारू नकोस! ...झालं समाधान? उतरा आता.

बाई – गाडी दिसू दे.

साहेब – तुमच्यासमोर फोन केला ना!

बाई – केलात. तुम्ही सावलीत बसा, साहेब. मला वरून आधी दिसेल. दिसली की सांगते.