थेक्लाची सुरळी

नाही नाही, नोटीस आली त्याचं मला काही वाटत नाही, आताशा मला कशाचंच काही वाटत नाही, पण भाषा बघा हो भाषा! "श्री. एगोन पावलाक, बाग क्रमांक चौदा. आपल्या बागेत नियम अकराप्रमाणे किमान एक जिवंत पाम आढळून आला नाही. तीन आठवड्यांत पूर्तता करावी." आढळून आला नाही! माझ्या बागेत! अहो, या अख्ख्या वसाहतीत एकसष्ट बागा, एकसष्ट कुंपणं, त्यात पहिलं पामचं झाड कुणी लावलं? मी. बाकीची साठ माणसं कुणामुळे नादाला लागली? माझ्यामुळे. आणि तो नियम अकरा पास होताना पहिला हात कुणाचा वर गेला?... माझाच. उजवा. डाव्यात बिअर होती म्हणून, नाहीतर दोन्ही केले असते.

बसा, बसा, पहिल्यापासून सांगतो. घाई मला तर नाहीच.

आमची खाण बंद झाली तेव्हाची गोष्ट. थेक्ला म्हणायचे तिला. अठ्ठावीस वर्षं मी हजार मीटर खाली, आणि एक दिवस माणसं वर आणणारा शेवटचा पाळणा आला, सगळ्यांनी हात मिळवले, बँडवाल्यांनी वाजवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात भिंतीकडे बघत बसलो. तेव्हाही हे असंच झालं होतं, काहीच वाटत नव्हतं. बायकोनं, म्हणजे रोझविटानं, दोन महिने माझ्या पायांभोवतीनं केर काढला, आणि मग बाजारातून बियांचं एक पाकीट आणून माझ्यापुढे आपटलं. "बघतच बसायचंय ना? मग याच्याकडे बघ, निदान पाणी तरी घालशील!" दहा बिया. चार महिने नुसती काळी माती. नऊ गेल्या. दहावीतून एक हिरवं टोक आलं, सुईएवढं, आणि तुम्हाला सांगतो, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, खिडकीपाशी उभा राहून ढसाढसा रडलो. रोझविटा म्हणाली, "झालं? कॉफी गार होतेय." म्हणून तिचं नाव खाणीचंच, थेक्ला. झाडाचं हो. बायको रोझविटाच.

तर थेक्ला वाढली, कुंडीत मावेना, बागमंडळाकडून भाड्यानं बाग घेतली, तिथे लावली, आणि वीस वर्षांनी एका सकाळी आमच्या बागमंडळाचे अध्यक्ष आले. क्लाविटर. हातात टेप, काखेत फाईल. या माणसाला मी एकोणीस वर्षं ओळखत होतो आणि एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांना 'अहो' म्हणत होतो. टेप लावली थेक्लाला. "अहो पावलाक, तीन मीटर ऐंशी. चार मीटर झालं की करवत. नियम म्हणजे नियम. शिवाय एक तृतीयांश जागेत भाजी किंवा फळ पाहिजे. ही भाजी आहे का?" म्हटलं, नाही. "फळ आहे का?" म्हटलं, खाण्यासारखं नाही. "मग ही इथे कोण आहे?"

कोण आहे! काय सांगणार? वीस सेंटिमीटर उरले होते, फार फार तर एक वर्ष.

मग मी डोकं लढवलं. खाणीत शिकलेलं डोकं. म्हटलं, एकट्याचं झाड कापता येतं, सगळ्यांची झाडं कशी कापशील? प्रत्येकाच्या बागेत एकेक पाम असला तर? अध्यक्षाच्याच बागेत असला तर? पण रोपं हवीत, रोपांना बिया हव्यात, आणि थेक्ला पडली मादी, तिला नर कुठून आणू? हेर्ने गावात एक निवृत्त पोस्टमन निघाला, त्याच्याकडे नर. त्यानं दह्याच्या डबीत पराग दिला, ती मांडीवर धरून मी बसनं आलो, शिडीवर चढून रंगाच्या कुंचल्यानं थेक्लाला लावला. खाली रोझविटा शिडी धरून. "इतक्या वर्षांत मला कधी एक फूल आणलं नाहीस, आणि हिच्यासाठी परगावाहून नवरा आणलास!"

एकशे चाळीस रोपं झाली. लोण्याच्या डब्यात, खिडकीत, टबात... अंघोळ मी मेहुण्याकडे करत होतो. एक पत्रकही लिहिलं, 'नवशिक्यांसाठी पाम', एक पानी, सात सूचना, प्रत्येक रोपाबरोबर फुकट. आणि निघालो वाटायला.

पहिला नुरेत्तिन. शेजारची बाग तेरा. खाणीत बारा वर्षं माझ्या बाजूला, आता मिरच्या लावायचा, काय मिरच्या लावायचा! रोपाकडे बघून म्हणाला, "एगोन भावा, याला काय लागतं खायला?" म्हटलं, काही नाही. "सावली?" म्हटलं, पंधरा वर्षांनी. "मग करतं काय हे?" म्हटलं, जगतं. विचारात पडला. "बरं, राहू दे. कोपऱ्यात." पुढच्या मार्चमध्ये हा माणूस पहाटेच माझ्या कुंपणाशी उभा, "एगोन! नवीन पान आलं! बोटाएवढं! ये ना बघायला, गुल्तेनला पण उठवलंय!" दोन वर्षांत त्याच्याकडे नऊ पाम. मिरच्या शून्य. गुल्तेन वहिनी मला बघून आजही म्हणते, "भाऊजी, मी मिरच्या दुकानातून आणते. दुकानातून!" आणि चहा तर बंदच केला.

मग ओव्हरबेक आजी. एक्याऐंशी वर्षांच्या, फक्त लीक लावायच्या, ती जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी, सरळ रेषेत. म्हणाल्या, "माझ्याच्यानं नाही होणार बाई हे." हिवाळ्यात बघतो तर त्यांच्या पामला लोकरीचं टोपरं! बांधायच्या नाड्यांसकट! मग सगळ्यांनाच टोपरी हवी झाली. आजी रात्रंदिवस विणतायत, लीक गेले उडत.

आणि क्लाविटर? त्यांच्या साठीला गेलो, चारचौघांत रोप हातात दिलं. वाढदिवसाची भेट नाकारतो कोण? "अहो पावलाक, हे मला पेचात पकडणं झालं." म्हटलं, हो. तीन महिन्यांनी फोन. "पावलाक... जरा याल का? पान पिवळं पडलंय. त्याला काही झालं तर मी... तू ये ना जरा!" 'तू'! वीसेक वर्षांनी 'तू'! मी तसाच सपातांवर गेलो.

त्या साली सभेत ठराव झाला, पामला उंचीची अट नाही. थेक्ला वाचली! मी घरी येऊन तिच्या खोडाला टेकून बसलो, आणि तेव्हा मला वाटलं होतं, खूप वाटलं होतं, ते सांगतो म्हणजे उगीच नंतर म्हणाल की हा माणूस मुळातलाच दगड. पण नाद काय तिथे थांबतोय? वसाहतीची पाटी बदलली. उन्हाळी उत्सवाला गवताचे घागरे आले. क्लाविटर पुस्तकं वाचून मला शिकवायला लागला, "एगोन, तुझ्या मातीत वाळू कमी आहे हं." माझ्या मातीत! आणि मग नियम अकरा, प्रत्येक बागेत एक जिवंत पाम सक्तीचा. बिअर, उजवा हात... ते सांगितलं मी.

आता सुरळीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पामचा जीव असतो मधल्या सुरळीत, ते न उलगडलेलं नवं पान असतं ना, त्यात. हिवाळा संपला की दोन बोटांत धरून हलकेच ओढायची. घट्ट असली तर झाड जिवंत. हातात आली तर आत कुजलंय, आटोपलं. मार्चमध्ये आमच्याकडे लोक भेटले की तब्येत विचारत नाहीत. "सुरळी कशी आहे?" "घट्ट! तुमची?" नवा पोस्टमन आला होता, तो दोन दिवस कुंपणापासून लांबनंच पत्रं टाकत होता.

तर गेला फेब्रुवारी. रेडिओवर सांगितलं, उणे सोळा. वसाहतीत नुसती पळापळ! "एगोन, पांघरूण आधी की पेंढा आधी?" "एगोन, टोपरं उलटं तर नाही ना?" मी सकाळपासून या कुंपणातून त्या कुंपणात. थेक्लाची चिंता नव्हती, तिच्याभोवती माझी जुनी बल्बांची माळ होती, तारेचे बल्ब, धरले तर हात पोळतो असे, आता मिळतच नाहीत ते कुठे. दुपारी तीनला क्लाविटर आला. धावत. "मी पण माळ गुंडाळली रे, तीन पदरी, पण पामचं अंग गारच आहे!" जाऊन बघितलं. माळ एलईडीची! झाड नवरीसारखं लखलखतंय आणि ऊब शून्य. म्हटलं, क्लाविटर, उजेडानं नाही रे, उबेनं जगतं ते! तर त्या माणसाच्या, त्या टेप घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या, डोळ्यांत पाणी. "तुझी थेक्ला मोठी आहे एगोन, पंचवीस हिवाळे काढलेत तिनं. माझं पोर लहान आहे." आणि पत्रकात सूचना चार माझीच, 'मोठी झाडे थंडी सोसतात.'

दिली माळ. स्वतः सोडवून दिली.

थेक्लाला रोझविटाची चादर गुंडाळली, लग्नातली. संध्याकाळी आधी पाऊस पडला, चादर भिजली, मग गोठली. तुम्हाला सांगतो, उघडं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. ओलं पांघरूण सगळ्यात वाईट. सूचना पाच.

मार्च आला. कुंपणाकुंपणातून हाका, "घट्ट!" "आमची पण घट्ट!" नुरेत्तिनच्या नऊच्या नऊ घट्ट, आजींची घट्ट, क्लाविटरच्या पोराची तर अशी घट्ट की तो नाचला. एकशे चाळीसपैकी एक गेलं नाही, एकही नाही! मी शिडी लावली, वर गेलो, दोन बोटांत धरली, ओढलीसुद्धा नाही... आली. अख्खी, हातभर, बुडाशी काळी, कुजक्या कांद्यासारखा वास. खालून नुरेत्तिन ओरडला, "एगोन भावा, कशी आहे?"

मी म्हटलं, घट्ट. आणि सुरळी परत आत खोचून ठेवली.

हसा, हसा. तीन आठवडे खोचलेलीच ठेवली. सूचना सात काय आहे, 'सुरळी आल्यास लपवू नये, ताबडतोब औषध ओतावे.' आणि मी रोज सकाळी वर जाऊन ती सरळ करत होतो. तीन आठवड्यांनी मंडळाची पाहणी आली, क्लाविटर फाईल घेऊन शिडीवर चढला, "थेक्लाबाई, नमस्कार," म्हणत मायेनं हात लावला आणि सुरळी त्याच्या हातात! पांढराफटक पडला तो. "मी... मी ओढली नाही रे एगोन! शपथ! नुसता हात लावला!" क्षणभर वाटलं, राहू दे त्यालाच वाटत. पण म्हटलं, उतर खाली, तुझ्यामुळे नाही झालं, माझ्याकडून झालंय.

मग सगळे आले. औषधाच्या दुकानातलं जखमा धुवायचं पाणी संपवलं लोकांनी, बाटल्यांवर बाटल्या ओतल्या तिच्या डोक्यात, फेस आला, आजींनी नवं टोपरं विणलं. ऑगस्टपर्यंत वाट पाहिली. खोड दाबलं तर बोट आत जात होतं. मग कापली. क्लाविटरच्याच करवतीनं. कापताना तो हुंदके देत होता, नुरेत्तिन नाक पुसत होता, गुल्तेन वहिनीनं इतक्या वर्षांनी चहा दिला, आणि मी शिडी धरून उभा. रोझविटा म्हणते, "रड ना रे एकदाचा." म्हटलं, बघतो, आलं तर रडतो. नाही आलं. आताशा काही वाटतच नाही.

आणि सप्टेंबरात ही नोटीस. सही क्लाविटरची. परत 'आपण'! विचारलं तर म्हणतो, "एगोन, नोटिशीत 'तू' लिहिता येत नाही रे. आणि नियम सगळ्यांना सारखा, तूच तर पहिला हात..." म्हटलं, हो, माहितीये.

काल तो आला. दह्याच्या डबीत रोप घेऊन. एवढंसं, एकच पान. त्याच्या पोराला अजून बिया कुठल्या, हे थेक्लाचंच, शेवटच्या सालातल्या बियांतलं, त्यानं खिडकीत लपवून वाढवलेलं. "घे," म्हणाला, "नोटिशीची पूर्तता." दोघंही डबीकडेच बघत होतो. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. "आणि हे असू दे बरोबर. पहिल्यांदा लावताना बरं पडतं." 'नवशिक्यांसाठी पाम.' माझंच पत्रक!

घेतलं. डबी खिडकीत ठेवली, भिंतीकडचा माझा स्टूल तिकडे वळवला. रोझविटानं कॉफी ठेवली. मी पत्रक वाचलं, साती सूचना, नवशिक्यानं वाचावं तसं. शेवटी खाली एक ओळ आहे, मी साफ विसरलो होतो. 'काही अडचण आल्यास बाग नंबर चौदामधल्या पावलाकला विचारा. केव्हाही.'

विचारणार आहे. पण मी ओळखतो त्या माणसाला... त्याला आताशा काही वाटत नाही.