बैलगाडीचे टायर, स्पोर्ट्‌स कारला

तुम्ही हसाल, पण आमच्या बाळाचं जावळ टायरपायी राहणार होतं.

यांनी हौसेनं जुनी, दोन सिटांची, बिनटपाची स्पोर्ट्‌स कार घेतली. तिचे मागचे टायर पार चिरलेले. मी बजावलं, "मजबूत टायर बसल्याशिवाय बाळाला घेऊन मी बसणार नाही." हे पुण्याहून त्याच मापाचे टायर मागवणार, तेवढ्यात सासरे म्हणाले, "कशाला? दुष्काळानं कारखाना बंद हाय. आपल्या उसाच्या बैलगाडीची टायरं नुसती पडून हायत. दोन टन ऊस वाहत्यात ती. तुमचं लेकरू किती किलोचं?"

मी एमएस्सी झालेली. तरी मला ते लगेच पटलं!

वेल्डरनं ती थोराड चाकं मागं कशीबशी बसवली. गाडीचं बूड वर गेलं, नाक रस्त्याला टेकायला आलं. आमच्या कडा गावाहून माझ्या माहेरी, गेवराईला निघालो. तिथं माझा भाऊ भाच्याला मांडीवर घ्यायला सकाळपासून बसलेला. मी बाळाला कवटाळून सारखी पुढं घसरतेय. निम्म्या वाटेत, चारा छावणीच्या हौदापाशी, गाडी बंदच पडली.

मागून एसटी आली. मी रडवेली होऊन हात केला. कंडक्टरनं खाली डोकं घातलेल्या आमच्या गाडीकडं पाहिलं.

"सावकाश या, ताई. तिचं पाणी पिऊन होऊ द्या."

हौदावर बसलेले म्हातारबाबा हळहळले, "कशाचं पिती बिचारी! टँकर उद्या येनार हाय."