राहण्याजोगं घर

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि या सभागृहाच्या किल्ल्या वीस वर्षं जिवापाड सांभाळणाऱ्या हुल्डाबाई बेकविथ, अग्निशमन दलाचे कॅप्टन ओचोआ, व्यासपीठावर, म्हणजे या चार फळ्यांवर, दाटीवाटीनं बसलेले सन्माननीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती नडीन अराता, आणि आतल्या मक्याच्या पावाच्या वासानं केव्हाच चुळबुळायला लागलेल्या माझ्या टारवीड फ्लॅटकर बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. हुल्डाबाईंनी घड्याळ काढून समोर ठेवलं आहे, ते मी पाहिलंय. पण एकतीस वर्षं आपल्या टपालकचेरीची खिडकी सांभाळणाऱ्या बाईला पाच मिनिटांत निरोप कसा द्यायचा, हे कुणी सांगेल का मला? तिच्यापाशी एक पाकीट घ्यायला गेलं तरी अर्धा तास मोडायचा.

नडीनबाईंच्या कार्याचा गौरव आधीच्या वक्त्यांनी केलाच आहे. मी फक्त वणव्याच्या फीची गोष्ट सांगणार आहे. आठवतंय ना ते वर्ष? राज्य सरकारनं ठरवलं, डोंगरात राहता ना, मग वणवे रोखायचा खर्च तुम्हीही उचला. राहण्याजोग्या प्रत्येक घरामागे वर्षाला एक बिल, आणि मोजणीत आपले गोठे-खुराडीही घरंच धरली. आपलं डोकं फिरलं. दर मे महिन्यात घराभोवतीचं झुडूप आपण कापतो, पन्हाळीतल्या पाइनच्या काड्या आपण उपसतो, आग लागली की नळ्या धरून आपणच पुढे धावतो, आणि वर पैसेही आपणच द्यायचे? त्या साली जो अपील न करता बिल भरेल त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असं याच सभागृहात ठरलं होतं. ठराव मीच मांडला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आणि गंमत बघा, ती बिलं आपल्या हातात देणारी कोण? नडीन. आणि त्यावरचा उतारा सांगणारी कोण? तीच. खिडकी बंद झाली की दर गुरुवारी ती इथं, त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची आणि आपले अपिलाचे अर्ज भरून द्यायची. तीस दिवसांची मुदत असायची. खोटं मात्र एक अक्षर लिहू द्यायची नाही. "खाली सही तुझी आहे, पण अक्षर माझं आहे," म्हणायची.

अर्जाला फोटो जोडायचा होता. मोडकी खोली, पडका गोठा, जिथं माणूस राहूच शकत नाही अशी जागा दाखवली की तिची फी माफ. किती सोपं काम. पण आपण पडलो टारवीड फ्लॅटचे. आपलं घर परक्यानं बघायचं, तेही सरकारनं, आणि ते घाण दिसायचं? डेल्फीन स्ट्राउडनं आपलं कोंबड्यांचं खुराडं तीन दिवस घासलं. चुना लावला, खिडकीला चौकड्यांचा पडदा लावला, दारात जिरेनियमची कुंडी ठेवली आणि मग फोटो काढला. डेल्फीन, हसू नकोस, अख्ख्या गावानं तेच केलं. महिन्याभरात सगळ्यांना एकच उत्तर आलं, अपील फेटाळलं, वास्तू राहण्याजोगी आहे. नडीननं त्या गुरुवारी डोक्याला हात लावला. म्हणाली, "अरे, तुम्ही गरिबी तरी धड दाखवायला शिका."

माझंही अपील फेटाळलं होतं. ओढ्याकाठी माझं खालचं घर आहे, एका खोलीचं. माझ्या फोटोत तर त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. दुसऱ्या वर्षी पुन्हा बिल आलं, तेव्हा नडीन म्हणाली, तू काढलेला फोटो मला चालणार नाही, मी स्वतः येते. आली कॅमेरा घेऊन.

तिनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. आत पलंगावर धुतलेली चादर होती. लोखंडी शेगडीशेजारी सरपण रचलेलं. खुंटीला एक कोट. तिनं कॅमेरा वर केला आणि तसाच खाली घेतला.

"ऑर्व्हल, कुणासाठी रे?"

मंडळी, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की मला रॉस्को नावाचा धाकटा भाऊ होता. आमचं भांडण झालं आणि तो उत्तरेला निघून गेला, हेही ठाऊक होतं. दर शनिवारी मी त्याची खोली झाडतो, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. भांडण कशावरून झालं? एका कुंपणावरून. ते कुंपणही आता उभं नाही. तो केव्हाही येईल, आणि आला तर त्याला थंड घरात शिरावं लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. हे मी पहिल्यांदा नडीनला सांगितलं, तिथंच, ओढ्याच्या कडेला.

तिनं ऐकून घेतलं. मग अर्ज गुडघ्यावर ठेवून म्हणाली, "इथं कुणी राहू शकत नाही, असं लिहायचंय. लिहू?"

माझ्यानं हो म्हणवेना. तिनं अर्जाची घडी करून खिशात घातली. पुढची सगळी वर्षं, फी बंद होईपर्यंत, ती मला बिल द्यायची आणि अर्जाचं नावही काढायची नाही. ज्यानं ठराव मांडला तोच गुपचूप पैसे भरतोय, हे तिनं या गावात, या आपल्या गावात, कुणालाही कळू दिलं नाही. याहून मोठी टपालसेवा कोणती असते, मला माहीत नाही.

चार वर्षांपूर्वी उत्तरेकडून एक पाकीट आलं. ते तिनं माझ्या पेटीत टाकलं नाही. खिडकी बंद केली, भर दुपारी चढ चढून आली आणि मी वाचेपर्यंत शेजारी बसून राहिली. रॉस्को गेला होता. ती चहा करून देऊन गेली. मी मात्र त्या शनिवारीही खोली झाडली. का झाडली, मला विचारू नका.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच मी हुल्डाबाईंकडे ही पाच मिनिटं मागून घेतली होती.

गेल्याच्या आधीच्या सप्टेंबरातल्या वणव्यात नडीनचं घर गेलं. आपण सगळ्यांनी तिला गोधड्या दिल्या, भांडी दिली. मीही एक किटली दिली. टपालकचेरीमागच्या त्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये तिनं दोन हिवाळे काढले. आणि माझं खालचं घर, चादर घातलेलं, सरपण रचलेलं, रिकामं उभं होतं. मी एका शब्दानं तिला म्हटलं नाही, की ये, इथं राहा. ती रॉस्कोची जागा होती ना! मेलेल्या भावासाठी मी दार लावून बसलो, आणि त्याची बातमी आली तेव्हा माझ्याशेजारी बसलेल्या बाईला थंडीत राहू दिलं. तिनं मागितलं नाही. ती कशी मागेल?

आता ती मुलीकडे चालली आहे, समुद्राकाठी. मुलगी चांगली आहे. पण परवा पोती बांधताना ती म्हणाली, "जायचं कुणाला होतं, ऑर्व्हल? राहायला जागा नाही म्हणून चालले." तेव्हाही मी सुतळीच धरून उभा राहिलो.

रिवाजाप्रमाणे शेवटी म्हणायचं असतं, की बोलण्यात काही चुकलं असेल तर उदार मनानं क्षमा करावी. बोलण्यातल्या चुका तुम्ही सगळ्यांनी पोटात घालाच. ज्यांना अपील करायचं असेल त्यांना तीस दिवस आहेत, अर्ज ज्यानं त्यानं भरायचा, ती बाई आता निवृत्त झाली. न बोलण्यातली चूक मात्र एकीनंच माफ करायची आहे. नडीन, मला माफ कर.

हुल्डाबाई, झालंच. आयोजकांचे आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार.

नडीन, हे खालच्या घराचं अपील फेटाळल्याचं ते जुनं पत्र, मी जपून ठेवलं होतं. वर राज्य सरकारचा शिक्का आहे. खाली लिहिलंय, वास्तू राहण्याजोगी आहे. मी त्याविरुद्ध अपील करणार नाही. रॉस्कोचा कोट मी काल माझ्याकडे वर नेला. खुंटी रिकामी आहे.