बसा काकाजी

मले मॅनर्स नका शिकवू भाऊ, मी कॉलेजच्या कबड्डी टीमचा कॅप्टन होतो. तुमसरले मॅच होती. लाखनीहून एसटी निघाल्याबरोबर मी पोरायले दम देल्ला, "कॉलेजचं नाव खराब करू नका. म्हातारं माणूस दिसलं का उठाचं."

रस्त्यात एक टकला, मोठ्या मिशीचा माणूस चढला. पोरं नुसते पाहूनच राहिले, म्हणून मीच उठलो. "बसा काकाजी." तो माह्याकडं पाहून गुमान बसला. मी तुमसरपर्यंत छाती फुगवून उभा.

मैदानात पाहतो तं काकाजी हाफपँटवर, समोरच्या कॉलेजच्या टीममंधी. पहिल्याच रेडले त्यानं मले आऊट केलं. मी मान खाली घालून बाहेर जाऊन राहिलो, तं मागून म्हणते कसा,

"जा बेटा, आता तू बस. सकाळपासून उभाच हायेस."