गोटीरामच्या जागी

नाय नाय, थांबा ताई, तेवढं पुन्हा सांगा. म्हणजे त्या पेशी मुळात वाईट नाहीत — असंच म्हणालात ना? फुफ्फुसाला जखम झाली की डागडुजीला येतात बिचाऱ्या. आणि मग? काम संपलं की जायचं, तर जात नाहीत. उलट रूपच पालटतं त्यांचं. रस्सीखेचीतल्या गड्यासारख्या होतात, सगळं आवळत राहतात, चिवट जाळं विणत राहतात, आणि मऊ फुफ्फुसाचं पार चामडं होतं. बघा, समजलं की नाय मला? दहावी नापास असलो तरी सातपूरला कारखान्यात तीस वर्षं काढलीत. आमच्याकडं त्याला बदली म्हणतात.

हसताय काय, खरंच. बदली म्हणजे ट्रान्सफर नव्हे हो. पर्मनंट माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी उभा राहतो, तो बदली. त्याचाच लॉकर, त्याचेच बूट, टोपीलासुद्धा त्याच्याच घामाचा वास. तो परत आला की आपण गपगुमान घरी. तुमच्या ह्या पेशी बदली म्हणून आल्या आणि पर्मनंट होऊन बसल्या.

बसा नीट. ऑक्सिजनच्या पाईपवर तेवढा पाय नका देऊ — हां. पंचवीस फूट आहे. मोरीपर्यंत जातो, उंबऱ्यापर्यंत जातो, ताणून धरला तर बाहेरच्या पायरीपर्यंत. समोरचं ते निळं दार दिसतंय? दहा पावलं. तिथवर नाय पुरत. दीड वर्ष झालं, ह्या मशीनच्या घरघरीला बांधून घातलाय मला. दावणीचं जनावरसुद्धा संध्याकाळी सोडतात हो पाण्यावर.

औषधाचं कळलं मला. आत्ताची गोळी नुसता वेग कमी करते, घट्ट झालेलं सैल करत नाय — मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तुमचं हे नवीन त्या पेशीला म्हणणार, बाई, तू आधी कोण होतीस ते आठव. उंदरांत जमलंय, माणसांत अजून बघतायत. त्यातही निम्म्यांना औषधाविना नुसतीच पांढरी गोळी, कोणाला कोणती ते तुम्हालाही ठाऊक नाय. स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं. तुमची एवढी चांगली प्रयोगशाळा सोडून आमच्या गल्लीत चपला झिजवताय, आणि बोलताना डोळे कसे लकाकतात तुमचे! करतो की सही. नाय कशाला म्हणू? आणा पेन.

हा रकाना कसला? कामाचा इतिहास. तिथं पॅकिंग लिहा. पॅकिंग खातं, तीस वर्षं.

छातीच्या फोटोत वाळूची धूळ दिसते म्हणता? दिसणारच. बरं, मग ब्लास्टिंग लिहा — पण कागद तुमच्यापाशी ठेवा. गल्लीत सगळ्यांना दमा सांगितलाय मी. आणि तुम्ही तर रविवारी शिबिर घेणार, रंगनाथकाकांना धुळीनं झालं म्हणून सगळ्यांना सांगणार, लोकांनी पुढं यावं म्हणून. नाव घेऊ नका माझं. का म्हणजे? नका घेऊ. झालं.

…अहो, किती वर्षं काय विचारता — बावीस. ओतकामाचा माल वाळूच्या माऱ्यानं साफ करायचा. बंद खोली, आत नुसतं धुकं, तोंडाला रुमाल. पहिले सहा महिने बदलीच होतो. कोणाच्या जागी म्हणजे? होता एक जण. गोटीरामभाऊ. त्यांनीच चिकटवलं मला. खोकला धरला म्हणून महिनाभर रजा टाकली आणि साहेबाला म्हणाले, माझ्या जागी हा रंगनाथ राहील, घरचा पोरगा आहे. घरचा! मला त्यांचाच डबा यायचा हो, त्यांच्या घरून, त्या निळ्या दारातून.

महिन्याचे चार झाले, खोकला काही हटेना. मग कारखान्याच्या डॉक्टरनं मला बोलावलं. त्याच खोलीत तूही काम करतोस, तू ठणठणीत कसा, खरं सांग, धूळ किती असते? आता काय सांगायचं होतं? खरं तेच सांगायचं होतं. पण टीबीवाल्याला पुन्हा खात्यात घेत नसत, हे मला ठाऊक होतं. आणि मला त्या टोपीची सवय झाली होती. म्हणालो, साहेब, धूळ कसली, त्यांना गावाकडचाच जुना खोकला आहे, टीबी असेल. एवढंच. एक वाक्य. डॉक्टरनं लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात मला पर्मनंटचं कार्ड मिळालं.

टीबीच्या गोळ्या खाऊन खाऊन गेले ते. दोन वर्षांत. गल्लीनं त्यांची भांडी वेगळी ठेवली, पोरीचं जमलेलं लग्न मोडलं, आणि त्यांची बायको, मालनवहिनी — अहो, आजही, सव्वीस वर्षांनी, माझ्याकडं चहाला येतात तर पदराखाली स्वतःचा कप घेऊन येतात. स्टीलचा, कड चेमटलेला. कोणाला अवघडायला नको म्हणून. मी रोज त्या कपात चहा ओततो. रोज. एकदाही म्हणालो नाय, वहिनी, राहू द्या तो कप.

आता माझं धुळीचं निघालं की त्या विचारणारच. खोली एकच होती ना, भावजी?

पुसा ते. नको, लिहिलंय ते राहू द्या. आणि तुमच्या त्या औषधानं पेशीला आठवलंच समजा आधीचं, तर मधल्या काळात जे आवळलं गेलं त्याचं काय? सुटतं? थोडं सुटतं की नाय, तेही माहीत नाय. बरं.

द्या इकडं. ही घ्या सही. आणि रविवारी नाव घ्या खुशाल. पण त्याच्या आधी एक काम करा. पाईप नाय पुरत माझा, म्हणून तुम्हाला सांगतोय. ते निळं दार वाजवा, मालनवहिनींना म्हणा, रंगनाथनं बोलावलंय, आत्ता. आणि तुम्ही तशाच पुढं जा, परत आत येऊ नका, हे तुमच्या कागदातलं नाय. जा.

आणि ताई — कप आणू नका म्हणावं.