उसना चिखल

पूर ओसरून बरेच दिवस झाले होते. सोलापुरात मदतीच्या ज्वारीच्या रांगेत माझ्यापुढं म्हातारी बजाबाई आणि तिची शेजारीण अनसूया उभ्या होत्या.

"बजामावशी, तुमच्या घरात चिखल हाय का अजून?"

"हाय की. का गं?"

"दोन पाट्या द्या. आमच्यातला मी कालच उपसून टाकला."

"एवढी घाई कशापायी केलीस? कौन्सिलातलं साहेब अजून बघून जायचं हायेत."

"तेच की. उद्या येनार म्हनं. कोरडं घर बघून भिंत कोन बांधून देनार?"

"मागच्या साहेबांनी काय दिलं?"

"सगळं करू म्हनले, हार घालून घेतला आन गेले."

"पेपरात तुजा फोटू आला म्हनं."

"साहेबांचा आला. माजा नुसता पदर हाय त्यात."

"बरं, ने दोन पाट्या. पर साहेब गेलं की लगेच परत आनून टाक."

"मावशी, चिखलच तर हाय."

"परवा माज्याकडं मुंबईचा पेपरवाला यायचाय. आन ओलाच आन. वाळलेला मी घ्यायची न्हाय."